खड्ड्यातली बुरशी आणि दोन कॅरीबॅगा

बप्पांच्या पोरानं टेबलावर दोन कॅरीबॅगा ठेवल्या. एक मेडिकलवाल्याची पांढरी, दुसरी कापड दुकानाची लाल. "ही छातीची, ही हाडाची," तो म्हणाला. लाल पिशवीत जुलैपासूनच्या संधिवाताच्या चिठ्ठ्या होत्या. पांढरीत सगळ्यात वर माझंच लेटरहेड होतं, बरोबर एक वर्षापूर्वीचं. त्यावर माझ्याच अक्षरात तीन ओळी होत्या आणि त्यातली तिसरी मला अजून खुपते.

मी लातुरात छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करतो. हे प्रकरण लिहिताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे नुसतं बप्पा म्हणतो, त्यांच्या गावातही सगळे तेच म्हणतात. वय ५७, कळंब तालुक्यातलं गाव, पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर.

जानेवारी २०२३

पहिल्यांदा ते माझ्याकडे आले ते आजारी म्हणून नव्हे. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून "आधी छातीवाल्याचा सल्ला घ्या" म्हणून पाठवलं होतं. २०१८ मध्ये टीबी झाला होता. सहा महिन्यांचा कोर्स एकही दिवस न चुकवता पूर्ण केलेला. तेव्हापासून बिडी बंद. टीबी गेला, पण उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात साडेतीन सेंटिमीटरचा खड्डा ठेवून गेला. रिपोर्टच्या भाषेत 'ओल्ड कॉक्स', म्हणजे जुना टीबी. आमच्याकडच्या निम्म्या फोटोंवर हा शब्द असतो, त्यामुळे त्याच्यावरून नजर घसरते.

त्रास काहीच नव्हता. सकाळी थोडा खोकला, चमचाभर पांढरा बेडका. वजन ५२ किलो, दोन वर्षं तेवढंच. शुगर नॉर्मल. बेडक्यात टीबीचे जंतू दोन्ही वेळा दिसले नाहीत. सीटी स्कॅनमध्ये खड्ड्याची भिंत पातळ, आत काही नाही, आजूबाजूचं फुफ्फुस स्वच्छ. फक्त लॅबनं कल्चरमध्ये, म्हणजे बेडका प्लेटवर ठेवून काय उगवतं ते बघतात त्यात, एक गोष्ट कळवली: अस्परजिलस फ्युमिगॅटस.

ही बुरशी कुठे नसते? उकिरड्यात असते, भिजलेल्या कडब्यात असते, कणगीच्या तळाशी असते. ५० अंशांच्या आसपासही ती वाढते, म्हणून वाफाळणाऱ्या शेणखताच्या ढिगात ती सुखात राहते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, इतके बारीक की थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतात. तुम्ही-आम्ही रोज शेकड्यांनी ते आत घेतो. निरोगी माणसाच्या फुफ्फुसातल्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात आणि त्यातूनही एखादा रुजला तर पांढऱ्या पेशी त्याचे धागे मारतात. पण जिथे जुना खड्डा आहे तिथे ना नीट हवा खेळते, ना रक्त पोचतं, ना बेडका बाहेर पडतो. पडक्या वाड्यात पारवे येऊन राहतात तशी बुरशी तिथे बिऱ्हाड करते. भिंतीत शिरत नाही, ताप आणत नाही, वजन उतरवत नाही. यालाच आम्ही कॉलनायझेशन म्हणतो. मराठीत 'मूक वस्ती' म्हणता येईल.

हे काही दुर्मिळ नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात टीबी बरा होऊन खड्डा उरलेल्या ५४४ रुग्णांची पाहणी झाली. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रक्तात अस्परजिलसविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. टीबी आणि बुरशी यांचा हा शेजार इतका जुना आहे.

मूक वस्तीला औषध देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बुरशीची औषधं यकृताला त्रास देतात, इतर गोळ्यांशी भांडतात, महाग असतात, आणि खड्डा असेपर्यंत बुरशी पुन्हा येणारच. मी बप्पांना "काही नाही, ऑपरेशन करून घ्या" म्हणालो आणि कागदावर लिहिलं:

'हील्ड टीबी विथ कॅव्हिटी. अस्परजिलस कॉलनायझेशन, नो ट्रीटमेंट. रिव्ह्यू एसओएस.'

एसओएस म्हणजे गरज पडली तर या. गरज कधी पडेल, हे लिहिलं नाही. तोंडीही सांगितलं नाही. रक्तातली अस्परजिलसविरुद्धच्या प्रतिपिंडांची, म्हणजे आयजीजीची, पातळी तेव्हा बघून ठेवायला हवी होती, पुढे तुलनेला कामी आली असती. तीही केली नाही. ओपीडीत साठ पेशंट होते, हे कारण नव्हे, पण होते.

लाल पिशवी

जून-जुलैत बप्पांची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना, म्हशीची धार काढता येईना. संधिवाताच्या डॉक्टरांनी तपासण्या करून रूमेटॉइड आर्थ्रायटिस असल्याचं सांगितलं. चिठ्ठी मी नीट वाचली आहे, तिच्यात चूक काढण्यासारखं फारसं नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड २० मिलिग्रॅम पंधरा दिवस, मग १०, मग ५, मग 'भेटा'. मेथोट्रेक्सेटच्या आधी छातीचा फोटोही काढलेला. रिपोर्टवर तेच दोन शब्द, ओल्ड कॉक्स. टीबी पुन्हा उठू नये म्हणून लागणाऱ्या तपासण्याही झाल्या. बुरशीचा विचार कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं, कारण पांढरी पिशवी घरी खुंटीला होती. बप्पांचा हिशोब सरळ होता: ती छातीची फाईल, हे हाडाचं दुखणं.

कमी करण्याच्या सूचना चिठ्ठीच्या मागच्या बाजूला इंग्रजीत होत्या. गावातल्या मेडिकलवर जाऊन बप्पा रिकामी स्ट्रिप दाखवायचे आणि तीच मिळायची.

"गोळी सुरू केली अन् आठ दिसात मूठ वळाया लागली. मग सोडावी कामून?" त्यांनी मला विचारलं. यावर काय उत्तर देणार? स्टिरॉइडसारखा गुण दुसऱ्या कुठल्या गोळीला येत नाही. भूक लागते, झोप लागते, अंगदुखी पळते. सोयाबीनच्या सुगीत त्यांनी स्वतःच डोस वाढवला. "तवा दोन-दोन घेतल्या. मजूर मिळंना, काय करता."

म्हणजे जुलै ते डिसेंबर, रोज २० मिलिग्रॅम, मधले महिनाभर ४०. सोबत मेथोट्रेक्सेट. शुगर वाढलीय हे कुणाला माहीतच नव्हतं. माझ्याकडे आले तेव्हा उपाशीपोटी २१४ होती.

या सहा महिन्यांत खड्ड्यात काय घडलं असेल, ते थोडं जवळून बघू. स्टिरॉइड भक्षक पेशींना मारत नाही, पण त्यांचे दात काढतं. बीजाणू गिळला जातो, पण पेशीच्या पोटात जिवंत राहतो आणि तिथेच रुजतो. पांढऱ्या पेशींची संख्या रक्तात उलट वाढलेली दिसते आणि सीबीसी बघणारा निर्धास्त होतो. पण त्या धाग्यांपर्यंत पोचतही नाहीत आणि पोचल्या तरी पूर्वीसारख्या लढत नाहीत. वाढलेली साखर त्यात भर घालते. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: प्रयोगशाळेत हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड घातलं की अस्परजिलस फ्युमिगॅटस अधिक वेगानं वाढते. एकाच गोळीनं घरधनी अशक्त होतो आणि घुसखोराला खुराक मिळतो. त्यात ताप दबलेला राहतो, त्यामुळे माणूस आतून बिघडत असताना वरून बरा दिसतो.

माळवद

नोव्हेंबरात घरकुलाचा हप्ता आला आणि जुनं घर पाडायला घेतलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि वरची माळवदं यांखाली माणसं झोपेतच गाडली गेली. तेव्हापासून इकडे माळवदाखाली निजताना जुन्या माणसांचा डोळा लागत नाही. तरीही कळंब भागात अशी घरं उरली आहेत. बप्पांचं त्यातलंच एक, आजोबांच्या काळातलं.

ज्यांनी माळवद पाडताना पाहिलं नसेल त्यांना तो प्रकार सांगायला हवा. खाली तुळया, त्यावर दाट काटक्या, पाला, आणि त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती. दर पावसाळ्याआधी वरून आणखी एक थर. ऐंशी वर्षं ती माती पावसात भिजते आणि उन्हात वाळते, खालचा पाला आत कुजतो. तुळईला धक्का दिला की सगळा थर एकदम खाली बसतो आणि पांढऱ्या धुराळ्यात अर्धा तास माणूस दिसत नाही. बप्पा तीन दिवस त्या धुराळ्यात उभे होते. तोंडाला उपरणं होतं. उपरण्यातून दोन मायक्रॉनचा बीजाणू अडत नाही.

मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत बांधकाम किंवा पाडकाम चालू असताना रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात अस्परजिलसच्या लागणी वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात बऱ्याच आहेत. म्हणून तिथे प्लॅस्टिकचे पडदे लावतात, हवा गाळणारी यंत्रं बसवतात. आमच्या गावात तो रुग्ण पाडकामावर देखरेख करत उभा असतो.

पण इथे एक शंका प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. माळवदानंच आजार झाला, असं मी सिद्ध करू शकत नाही. बुरशी वर्षभर आधीपासून खड्ड्यात होतीच. धुराळ्यानं नवी आणली की जुनीच उठली, हे सांगायला दोन्ही वेळच्या बुरशीचा जनुकीय ठसा जुळवावा लागला असता, आणि पहिली प्लेट लॅबनं केव्हाच टाकून दिली होती.

तीन आठवडे टीबीचे

नोव्हेंबरच्या शेवटी खोकला वाढला. संध्याकाळी कणकण. बेडक्याला तपकिरी रंग, एकदा रक्ताची रेघ. वजन उतरू लागलं. तालुक्याच्या ठिकाणी दाखवलं. बेडक्याची सीबीनॅट केली, ती आली 'एमटीबी डिटेक्टेड, व्हेरी लो', म्हणजे टीबीचा जंतू सापडला, पण अगदी थोडा. २० डिसेंबरला टीबीची औषधं पुन्हा सुरू झाली.

जुना टीबी, खड्डा, खोकला, रक्त, उतरलेलं वजन आणि हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट. मीही तिथे असतो तर हेच केलं असतं. पण या तपासणीची एक मर्यादा आहे. ती जंतूचा डीएनए शोधते, जिवंत जंतू नव्हे. ज्याला आधी टीबी होऊन गेला आहे त्याच्या खड्ड्यातून मेलेल्या जंतूंचे अवशेष वर्षानुवर्षं बाहेर पडू शकतात आणि रिपोर्टवर 'व्हेरी लो' उमटतं. त्या केंद्रावर एका माणसानं एक काम चोख केलं होतं, त्याचे आभार मानतो. औषध सुरू होण्याआधीचा दुसरा नमुना कल्चरला पाठवून ठेवला होता.

अठरा दिवस गोळ्या घेऊनही उतार नाही, म्हणून ६ जानेवारीला बप्पा माझ्याकडे आले. "लई दम लागायलाय सायेब. चार पावलं गेलं की बसावं वाटायलंय." ऑक्सिजन ९१ टक्के, वजन ४५ किलो. चेहरा मात्र गोल गरगरीत. घरचे म्हणाले, "तोंडावर तर तेज आलंय." ते तेज स्टिरॉइडचं होतं.

सीटी केला. तोच खड्डा, पण आता भिंत जाड. आत गोळा, वर हवेची चंद्रकोर. पालथं झोपवून पुन्हा स्कॅन केला तर गोळा खाली घरंगळला. बुरशीचा गोळा असाच फिरतो, गाठ फिरत नाही. खरी काळजी गोळ्याची नव्हती. खड्ड्याच्या भोवतालचं फुफ्फुस घट्ट झालं होतं आणि त्यात दोन नवे छोटे खड्डे पडले होते. वस्ती कुंपण ओलांडून बाहेर आली होती.

यादी मोठी होती: टीबी, बॅक्टेरियाचा न्यूमोनिया, मेथोट्रेक्सेटनं होणारी फुफ्फुसाची सूज, संधिवाताच्याच गाठी फुटणं, कर्करोग आणि बुरशी. ८ तारखेला दुर्बीण घालून खड्ड्याकडच्या नळीतलं पाणी काढलं. नळीच्या तोंडाशी काळपट तपकिरी लगदा अडकलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये जाऊन बसलो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाखाली तो लगदा पाहिला. पारदर्शक धागे, मध्ये मध्ये गाठी-पडदे, आणि तुराट्यांना जशा लहान कोनात फांद्या फुटतात तशा ४५ अंशांच्या फांद्या. चार दिवसांनी प्लेटवर निळसर हिरवी मखमल उगवली. तिचं टोक भिंगाखाली पाहिलं की लग्नातली गुलाबदाणी आठवते: दांडा, वर फुगीर डोकं, डोक्यातून उडणारे थेंब. १७२९ मध्ये इटलीतल्या मिकेली नावाच्या धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायचं उपकरण आठवलं आणि त्यावरून त्यानं हे अस्परजिलस नाव दिलं.

पण प्लेट तर गेल्या वर्षीही उगवली होती. बुरशी सापडली एवढ्यानं काही ठरत नाही. ठरवायला बाकीच्या गोष्टी लागल्या. दुर्बिणीनं काढलेल्या पाण्यात गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे बुरशीच्या भिंतीतला एक घटक, ५.१ आलं. १ च्या वर गेलं की संशय बळावतो. रक्तात तेच ०.३, म्हणजे निगेटिव्ह. इथे पुष्कळजण फसतात. ज्यांच्या पांढऱ्या पेशींची संख्या शाबूत आहे अशा रुग्णांत रक्तातली ही तपासणी बऱ्याचदा निगेटिव्हच येते, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी बुरशी नाही असं म्हणता येत नाही. अस्परजिलस आयजीजी ११८, बरीच वर. पाण्यात टीबीचा डीएनए नाही, कर्करोगाच्या पेशी नाहीत, बॅक्टेरिया नाहीत. तुकडा काढून पेशीत घुसलेले धागे दाखवले असते तर निदान शंभर टक्के झालं असतं. पण रक्त पडत होतं, ऑक्सिजन कमी होता, म्हणून तो धोका घेतला नाही.

निदान लिहिलं: सबॲक्यूट इन्व्हेझिव्ह अस्परजिलोसिस. म्हणजे दोन-चार दिवसांत माणूस घेऊन जाणारी ही लागण नाही आणि वर्षानुवर्षं रेंगाळणारीही नाही. एक ते तीन महिन्यांत फुफ्फुस पोखरत जाणारी, मधली. पूर्ण ढासळलेल्या नव्हे, तर थोड्या ढिल्या पडलेल्या प्रतिकारशक्तीचा हा आजार: मधुमेह, स्टिरॉइड, दारू, कुपोषण, जुनाट दमा-धाप. यातलं एखादं तरी नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागेल.

औषधांचं भांडण

पहिल्या पसंतीचं औषध व्होरिकोनाझोल. आणि बप्पांच्या पोटात तीन आठवड्यांचं रिफॅम्पिसिन, टीबीच्या गोळ्यांतलं. रिफॅम्पिसिन यकृतातली यंत्रणा इतकी चेतवतं की व्होरिकोनाझोल रक्तात टिकतच नाही. गोळी घेतली काय, न घेतली काय. रिफॅम्पिसिन बंद केलं तरी हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे जातात. हे लक्षात न घेता गोळी सुरू केली असती, तर महिन्यानं 'औषध लागू पडत नाही' असं म्हणून बसलो असतो.

क्षयरोग विभागातल्या सहकाऱ्यांशी बोललो. कल्चरचा निकाल यायचा होता, त्यामुळे टीबीची औषधं सगळीच सोडायचं धाडस होत नव्हतं. रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड काढलं, लिव्होफ्लॉक्सासिन घातलं. बुरशीसाठी मधले चौदा दिवस लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन. रोज ५० मिलिग्रॅमच्या तीन बाटल्या, एकूण ४२. हे नाव मराठवाड्याला २०२१ पासून पाठ आहे. तेव्हा म्युकरमायकोसिसच्या लाटेत याच बाटल्यांसाठी लोकांनी रात्र-रात्र फोन लावले होते. या वेळी मिळाल्या. सोयाबीनला त्या वर्षी ऑगस्टच्या उघडिपीनं मार दिला होता, आलेलं थोडं बिल आणि सोसायटीचं कर्ज त्यात गेलं. मूत्रपिंड सांभाळलं, पोटॅशियम दोनदा घसरलं ते भरून काढलं.

स्टिरॉइड एकदम बंद करता येत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण घरच्यांचा पहिला आवेश तोच असतो. सहा महिने बाहेरून मिळाल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. २० वरून टप्प्याटप्प्यानं ५ वर आणलं. मेथोट्रेक्सेट थांबवलं.

बाराव्या रात्री खोकताना पेलाभर रक्त पडलं. सगळा वॉर्ड जागा झाला. औषधानं थांबलं, नाहीतर रक्तवाहिनी बुजवायला हलवावं लागलं असतं.

२४ जानेवारीला व्होरिकोनाझोल सुरू झालं. लिव्होफ्लॉक्सासिनसोबत ते हृदयाच्या ठोक्यात गडबड करू शकतं, म्हणून रोज ईसीजी. १ फेब्रुवारीला टीबीचं कल्चर ४२ दिवस पूर्ण होऊन निगेटिव्ह आलं आणि टीबीच्या उरलेल्या गोळ्या बंद केल्या. त्याच संध्याकाळी बप्पा पोराला म्हणाले, "भिताडावर मुंग्या चालायल्यात, झटक." मुंग्या नव्हत्या. बल्बभोवती रंगीत कडंही दिसत होतं त्यांना. रक्तातली व्होरिकोनाझोलची पातळी ६.८ निघाली, ती साडेपाचच्या आत हवी. डोस २०० वरून १५० वर आणला, चार दिवसांत मुंग्या गेल्या.

पोरगा शेतीतला हुशार आहे. गोळीचं पाकीट वाचून त्यानं विचारलं, "सर, आम्ही सोयाबीनवर टेबुकोनाझोल मारतो. हे व्होरिकोनाझोल त्याच्यातलंच का?" त्यातलंच. दोन्ही ट्रायझोल घराण्यातली, दोन्ही बुरशीच्या भिंतीआडच्या पडद्याला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. शेतातल्या फवारणीला सरावलेली अस्परजिलस माणसाच्या औषधालाही दाद देत नाही, हे युरोपात दिसलं आणि भारतातही तसे नमुने सापडले आहेत. बप्पांची बुरशी औषधाला दाद देणारी निघाली. पण त्याच्या प्रश्नानंतर मी संवेदनशीलतेची तपासणी नेमानं मागवायला लागलो.

तीच प्लेट, वेगळं माणूस

बप्पा वॉर्डात असतानाच निलंग्याकडच्या एक आजी नेहमीच्या तपासणीला आल्या. वय ७१, श्वासनलिका रुंदावलेल्या, चार वर्षांत तीनदा बेडक्यात अस्परजिलस. वजन स्थिर, ताप नाही, सीटी दरवेळी तसाच. त्यांची सून म्हणाली, "बुरशी निघतीय तर औषध कामून देत नाही?" शेजारच्या वॉर्डात बप्पा असताना 'नको' म्हणणं मलाही जड गेलं. तरी नाहीच दिलं. आजी आजही औषधाविना ठीक आहेत. फक्त त्यांच्या कागदावर आता मी मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: 'फुफ्फुसात बुरशीची वस्ती आहे. सध्या औषधाची गरज नाही. कोणीही, कुठल्याही दुखण्यासाठी स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करणार असेल, तर आधी हा कागद दाखवा. खोकल्यात रक्त, ताप किंवा महिन्यात दोन किलो वजन कमी झालं तर लगेच या.' हे चार वाक्यांचं लेखन मला बप्पांसाठी जानेवारी २०२३ मध्ये करता आलं असतं. तेव्हाचं निदान चुकलं नव्हतं. ते त्या दिवशीच्या बप्पांपुरतं खरं होतं, आणि जुलैत बप्पा बदलले.

पुढचं

एप्रिलमध्ये उन्हानं नवीन अडचण आणली. व्होरिकोनाझोलवर असलेल्या माणसाची कातडी उन्हात भाजते. लातूर-धाराशिवच्या ४२ अंशांत शेतकऱ्याला सावलीत बसा म्हणणं म्हणजे थट्टाच. मानेची, हातांची साल निघाली. मेमध्ये इट्राकोनाझोलवर बदललं. त्याच्या कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं, म्हणून जेवणासोबत घ्यायची आणि आमच्याकडे प्रत्येक चिठ्ठीत आपोआप येणारी ॲसिडिटीची गोळी बंद. ती बंद करायला मला तीन भेटी लागल्या. "त्याच्याबिगर गोळ्या पचत न्हाईत," असं बप्पांचं ठाम मत होतं. इट्राकोनाझोल आणि स्टिरॉइड एकत्र असलं की स्टिरॉइड रक्तात जास्त चढतं, तेही ध्यानात ठेवून संधिवाताच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ५ च्या वर नेलं नाही. सांध्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन दिलं.

औषध किती दिवस? जुनाट प्रकारच्या फुफ्फुसी अस्परजिलोसिससाठी चंदीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये सहा आणि बारा महिन्यांच्या इट्राकोनाझोलची तुलना प्रसिद्ध केली. सहा महिने घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना आजार उलटला, बारा महिने घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांना. बप्पांचा आजार तंतोतंत तो नाही, पण खड्डा तोच आहे, म्हणून मी वर्षाच्या बाजूला झुकलो.

जानेवारी २०२५ ला वजन ५०. आयजीजी ७१. गोळा निम्मा झालाय, दोन नवे खड्डे भरून आलेत, जुना खड्डा आहे तिथेच आहे. घरकुल पूर्ण झालंय, वर स्लॅब. मळणीच्या वेळी बप्पा लांब बांधावर बसतात आणि तिथून सगळ्यांना ओरडतात, असं पोरगा सांगतो.

सांधे मात्र पुन्हा धरायला लागले आहेत. अशा वेळी संधिवातवाले बायोलॉजिककडे वळतात, आणि तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच औषध. परवा दुपारी ओपीडी चालू असताना फोन आला. संधिवाताचे डॉक्टर होते, आमचं याआधी कधी बोलणं झालं नव्हतं. म्हणाले, "बप्पांना बायोलॉजिकचं इंजेक्शन द्यावं म्हणतोय, समोर बसलेत. त्यांनी तुमचा कागद दाखवला. काय करू?"

मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा, फाईल काढतो."